क्रूझवरून उतरून स्वतःच रोम-फ्लॉरेन्स फिरणार? या चुका टाळा

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या वेळापत्रकात ‘रोम : सकाळी ७ ते संध्याकाळी ७’ असं लिहिलेलं दिसलं, की चांगले बारा तास हाताशी आहेत असं वाटतं. जहाज मात्र लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर, आणि फ्लॉरेन्स तिथून नव्वदेक किलोमीटर. जहाजाच्या सहली चार-पाच जणांच्या कुटुंबाला फार महाग पडतात, त्यामुळे ट्रेनने स्वतः जाण्याचा विचार योग्यच आहे. घोळ होतो तो वेळेच्या हिशेबात.

छापलेली वेळ आपली समजणं

सात म्हणजे जहाज धक्क्याला लागण्याची वेळ. मग बंदराची परवानगी, गँगवे (जहाजातून उतरायचा जिना), लिफ्टसमोरची गर्दी. जमिनीवर पाय टेकायला आठ वाजतील असंच धरा. निघण्याच्या वेळेचंही तेच. सात वाजता जहाज सुटणार असेल तर ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतण्याची शेवटची वेळ, त्याच्या अर्धा ते एक तास आधी असते, आणि आपल्या कामाची वेळ तीच.

आता रोमचा दिवस मांडून बघू. धक्क्यावरून शटल बस लार्गो देल्ला पाचे या बंदराबाहेरच्या बसथांब्यापर्यंत, तिथून स्टेशन, मग ट्रेन. व्हॅटिकन बघायचं असेल तर रोमा टर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत न जाता अलीकडे सान पिएत्रो स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. सगळं सुरळीत झालं तरी साडेनऊ-पावणेदहा वाजतात. परतताना सहाच्या ‘ऑल अबोर्ड’साठी साडेचारला चिवितावेक्किया स्टेशनवर असावं, म्हणजे साडेतीनच्या आसपासची ट्रेन. हातात उरले जेमतेम पावणेसहा तास. तेवढ्यात व्हॅटिकन म्युझियम आणि सेंट पीटर्स चर्च होईल, किंवा कोलोसियम आणि शेजारचे रोमन फोरमचे अवशेष. दोन्ही करू म्हणणाऱ्यांना दोन्हीकडच्या रांगा तेवढ्या बघायला मिळतात. सोबत सत्तरीचे आई-बाबा असतील तर यातलाही तासभर कमी करा.

म्युझियमचं वेळ ठरलेलं तिकीट नऊचं काढू नका, साडेदहा-अकराचं काढा. वारही बघा. व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं, आणि फ्लॉरेन्सची उफीझी आर्ट गॅलरी सोमवारी. जहाज नेमकं त्याच दिवशी लागणार असेल तर बेत घरी बसूनच बदलता येतो.

शेवटच्या ट्रेनवर भिस्त

इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात आणि बहुतेक वेळा आधी जाहीर होतात. निघण्याआधी आणि आदल्या रात्री पुन्हा एकदा तपासा. परतीची जी ट्रेन ठरवाल, तिच्यामागे आणखी दोन गाड्या असल्याच पाहिजेत. रीजनल ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या मशिनमध्ये शिक्का मारून घ्यावं लागतं. खिशात तिकीट असूनही दंड होतो, तो यामुळेच. मोबाइलवरच्या तिकिटाला ‘चेक-इन’ करावं लागतं.

लिव्होर्नोत तर धक्क्यावरून चालत बाहेर पडता येत नाही, शटलचीच वाट बघावी लागते. घाई नको असेल तर फ्लॉरेन्स सोडा, पिसाला जा. लिव्होर्नोहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं.

टेंडरचं बंदर विसरणं

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जहाज धक्क्याला लागतच नाही. समुद्रात नांगर टाकून लहान टेंडर बोटींनी उतरवतात, आणि पहिल्या बोटी बहुधा जहाजाच्या सहलीवाल्यांना मिळतात. त्यामुळे सकाळी लवकरची खाजगी टॅक्सी ठरवू नका. उतरल्यावर ‘फिरा’ नावाचं गाव थेट डोक्यावर, कड्याच्या माथ्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. संध्याकाळी दोन-तीन जहाजांची माणसं एकाच वेळी खाली यायला निघतात आणि केबल कारची रांग तासावर जाऊ शकते. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांचा विचारही करू नये, त्या खेचरांच्या लिदीने निसरड्या असतात. शिवाय वारा असेल तर कप्तान हे बंदर टाळूनही पुढे जातो, म्हणून आगाऊ पैसे भरायचे तर रद्द केल्यावर परत मिळतील अशाच ठिकाणी.

मोबाइलचं घड्याळ

ग्रीस इटलीच्या एक तास पुढे. जहाज आपली वेळ बदलेल किंवा बदलणार नाही, मोबाइल मात्र आपल्या मनाने बदलतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा.

आणि तरीही जहाज सुटलं तर?

जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं. खाजगी सहलीसाठी ते बांधील नसतं. मार्च २०२४ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ या क्रूझ जहाजाचे आठ प्रवासी खाजगी सहलीला उशीर झाल्याने आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर राहिले. त्यांनी गांबियापर्यंत पाठलाग केला, तर तिथे जहाज लागूच शकलं नाही. शेवटी ते सेनेगलमधल्या डाकारला सापडलं. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च अशा वेळी आपला.

उशीर होतोय असं दिसताच पोर्ट एजंटला, म्हणजे त्या बंदरातल्या जहाज कंपनीच्या प्रतिनिधीला, फोन करा. त्याचा नंबर जहाजाच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर असतो, उतरण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची आणि व्हिसाची रंगीत प्रत जवळ हवी. क्रूझ मध्येच तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाणार असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच घ्या. तिथे मागे राहिलात, तर जहाज गाठायला ग्रीसमध्ये पुन्हा शिरताना तोच लागेल.