दहा बाय बाराच्या खोलीत क्यूदोचा सराव

क्योतोला नोकरीनिमित्त दोन वर्षं होते, तेव्हा क्यूदो, म्हणजे जपानी धनुर्विद्या, शिकले. गिरगावात परत आले आणि पहिली अडचण आली ती छताची. जपानी धनुष्य, म्हणजे युमी, साधारण २२१ सेंटीमीटर लांब. ओढण्याआधी ते कपाळाच्याही वर न्यायचं असतं, आणि आमच्या खोलीत वर पंखा. म्हणून घरी रबरावर सराव करा. जपानमध्येही नवख्यांच्या हातात आधी गोमुयुमी देतात: आखूड दांडकं आणि त्याला रबर. लाटण्याला व्यायामाचा हलका रबरी पट्टा घट्ट बांधला तरी चालतं. ताणलेला पट्टा कधीच सोडून द्यायचा नाही, हळूहळू परत आणायचा. सुटला तर तोंडावर येतो.

भिंतीवर खडूने खूण करा आणि डावा खांदा तिकडे करून उभ्या राहा. पावलांत आपल्या उंचीच्या निम्मं अंतर, दोघांमध्ये ६० अंशांचा कोन, पायाच्या अंगठ्यांची टोकं लादीच्या एकाच रेघेवर. मान वळवून खूण बघा, दोन्ही हात सोबत वर उचला. मग छाती उघडत डावा हात खुणेकडे, उजवा मागे. बाण असता तर ओठांच्या रेषेत आला असता, अशी उंची हवी.

इथे थांबायचं. आठ टप्प्यांतला हा सहावा, ‘काई’, आणि माझ्या मते सगळी विद्या इथेच आहे. सावकाश पाच अंक मोजा. हात स्थिर दिसले तरी आतून दोन्हीकडे ताण वाढत राहिला पाहिजे. माझा उजवा खांदा तिसऱ्या अंकालाच वर चढायचा. आमच्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, काही न बोलता त्यावर दोन बोटं ठेवायच्या, की तो आपोआप उतरायचा. घरी हे काम आईला सांगा, नाहीतर आरशाला. डावी मूठही आवळू नका: खरा बाण सुटल्यावर धनुष्य तळहातात फिरतं, आवळलेल्या मुठीत ते अडतं.

गच्चीवर खरा बाण अजिबात मारू नका. खरं लक्ष्य ३६ सेंटीमीटरचं, २८ मीटरवर. त्याआधी जवळून पेंढ्याच्या भाऱ्यावर मारायला शिकवतात, तेही जाणत्या माणसासमोर. धनुष्य घ्याल तेव्हा फायबरग्लासचं घ्या. बांबूच्याला आपला पावसाळा सोसत नाही. रबरही दर आठवड्याला ताणून बघा, बारीक चीर दिसली की बदला.