नंबर थिअरी शिकायची तर एक संख्या धरा

नंबर थिअरी, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास, नव्याने घेणारी मुलं मला विचारतात, पुस्तक कुठलं घेऊ? मी सांगते, कुठलंही घे, पण शेजारी एक मोठी संख्या ठेव आणि तिला सोडू नकोस. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी ४२९४९६७२९७ धरली होती, म्हणजे २³²+१.

२ चा १, २, ४, ८, १६ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात. पाचही मूळ संख्या. पुढेही असंच चालेल, असं गणितज्ञ फर्माला वाटत होतं. सहावी ही आमची. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिचे अवयव दाखवले: ६४१ आणि ६७००४१७.

एवढं वाचून पान उलटू नका, वही उघडा. मी ३, ७, ११ असे ओळीने भागाकार करत बसले. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या, तिथवर पोचायला तीन संध्याकाळी गेल्या. आणि नेमकी तिथेच एक वजाबाकी चुकली, बाकी उरली, मी पुढे गेले. सातशेच्या पुढे गेल्यावर संशय आला आणि सगळं पुन्हा तपासलं.

मग सरांनी एकच प्रश्न विचारला: भागतेस ते ठीक, पण विभाजक कसा दिसायला हवा? विभाजक मूळ असेल तर त्याने भागून २³² ची बाकी −१ येते (म्हणजे १ मिळवला की नि:शेष भाग जातो), २⁶⁴ ची १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्या बरोबर ६४ पावलांनी १ वर परततात. फर्माच्याच प्रमेयानुसार, विभाजकातून १ वजा करून तेवढा २ चा घात घेतला तरी बाकी १ असते. म्हणून त्या वजाबाकीला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या मोजा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच भागाकार! त्या दिवशी मला हा विषय खऱ्या अर्थाने आवडला.

भागाकाराशिवायही जमतं. ६४१ = ५×२⁷+१, आणि ६४१ = ५⁴+२⁴. पहिल्यावरून, ६४१ ने भागून ५×२⁷ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५⁴×२²⁸ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी −२⁴ ठेवा. −२³² ची बाकी १ आली, म्हणजेच २³²+१ ला नि:शेष भाग गेला. हे न बघता लिहिता येईपर्यंत लिहा.

संगणकावर तपासणार असाल तर जपून. पाया २ घेऊन फर्माची चाचणी लावली (संख्येतून १ वजा करून तेवढा २ चा घात घ्यायचा आणि त्या संख्येने भागून बाकी १ येते का बघायचं) तर ही संख्या मूळ नसूनही पास होते. पाया ३ घेतला की नापास.

हिच्याशी नीट ओळख झाली की १८४४६७४४०७३७०९५५१६१७ घ्या, म्हणजे २⁶⁴+१. इथे विभाजकातून १ वजा केल्यावर १२८ ने भाग जायला हवा. सर्वांत लहान विभाजक २७४१७७ आहे. तो तसा बसतो का, ते आधी हाताने करून बघा.