बॅरन आयलंडजवळ रिसर्च क्रूझला पहिल्यांदा जाताय? तयारी अशी करा

ठाणे-नवी मुंबईतून जिऑलॉजी नाहीतर ओशनोग्राफी करणारी पोरं मला विचारतात की ताई जहाजावर नाव लागलंय, काय काय घेऊ, आणि बहुतेकांचं सगळं लक्ष बॅगेवर असतं. बॅगेचं खाली सांगतेच. पण त्याच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, समुद्राच्या पाण्याचा किंवा तळाचा नमुना वर आणायचं बरंचसं काम विंच (तारेने यंत्र खाली सोडणारं, वर ओढणारं मशीन) आणि क्रू करतात, तो कुठून आला, कधी आला, किती खोलीवरून आला हे लिहायची जबाबदारी तुमची. नोंद चुकली तर हातात नुसता चिखल उरतो, आणि जहाजाच्या एका दिवसाचा खर्च लाखांत जातो त्यामुळे "परत एकदा टाकूया का" असं सहज म्हणता येत नाही.

आता ठिकाण. बॅरन आयलंड पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्रीविजयपुरम) साधारण १४० किलोमीटर ईशान्येला, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, माणसांची वस्ती नाही. बेट जेमतेम ३ किलोमीटर रुंदीचं दिसतं पण पाण्याखालून बघितलं तर तळापासून २ किलोमीटरच्या वर उंच डोंगर आहे, त्याचं फक्त टोक बाहेर आलंय. उद्रेकाची पहिली नोंद १७८७ ची, त्यानंतर अधूनमधून काही उद्रेक, मग बराच काळ शांत, आणि १९९१ ला परत सुरू. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या एनआयओची (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) टीम 'सिंधु संकल्प' जहाजावरून तिथे तळाचे नमुने घेत होती तेव्हा अचानक राख उडायला लागली, मग जहाज सुमारे एक मैल लांब ठेवून त्यांनी निरीक्षण केलं. दिवसा फक्त राखेचे ढग दिसायचे, सूर्य बुडाल्यावर लाल लाव्हाचे फवारे. म्हणून सांगते, तिथे कामाचा प्लॅन कधीही बदलू शकतो आणि अंतर किती ठेवायचं हे कॅप्टन ठरवतो, त्यावर वाद घालू नका. बेट समोर आहे म्हणून उतरायला मिळेल हेही डोक्यातून काढा, अभयारण्य आहे ते, वनखात्याची परवानगी लागते.

नोंदीतल्या दोन जागी सगळ्यात जास्त गडबड होते. पहिली म्हणजे वेळ. बऱ्याच क्रूझवर लॉग (नोंदवही) यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे १५ तारखेला पहाटे २ वाजता आपल्या घड्याळाप्रमाणे नमुना आला तर लॉगमध्ये १४ तारीख, २०:३०. वेळ बरोबर पण तारीख चुकलेली असं सर्रास होतं कारण रात्रीच्या शिफ्टला डोकं थकलेलं असतं. उपाय साधा, एक स्वस्तातलं डिजिटल घड्याळ यूटीसीवर लावा आणि लॉग टेबलालाच बांधून ठेवा, मनातल्या मनात वजाबाकी करूच नका. दुसरी म्हणजे जीपीएस. १२ अंश १६.५ मिनिटं म्हणजे दशांशात १२.२७५, कोणी घाईत १२.१६५ लिहिलं की बिंदू १२ किलोमीटर सरकला, आणि बेट ३ किलोमीटरचं आहे, म्हणजे तुम्ही नकाशावर भलत्याच समुद्रात गेलात. पद्धत कुठली ते पहिल्याच दिवशी चीफ सायंटिस्टना विचारा आणि लॉगच्या प्रत्येक पानाच्या वर लिहून ठेवा.

लेबल आधी, नमुना नंतर. विंच खाली जात असतानाच पिशव्या-बाटल्यांवर लिहून तयार ठेवायचं. सेकंदाला एक मीटर वेगाने २००० मीटर जायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, हा वेळ लोक मोबाईलमधले फोटो बघण्यात घालवतात. बाहेरून पर्मनंट मार्कर, आत ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर पेन्सिलने तेच परत, कारण ओल्या पिशवीवरचा मार्कर पुसला जातो, पेन्सिल टिकते.

सीटीडी (पाण्याची क्षारता, तापमान, खोली मोजणारं यंत्र, सोबत पाणी भरून आणणाऱ्या बाटल्या) वर आलं की पाणी काढायचा क्रम मोडायचा नाही. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली सगळ्यात आधी, नळी बाटलीच्या तळापर्यंत, एकही बुडबुडा नको, पाणी दोन-तीन वेळा भरून वाहू द्या आणि रसायनं लगेच तिथेच घाला. मग कार्बनचे नमुने, मग न्यूट्रियंट, क्षारतेचा शेवटी. एकाने शेजारी उभं राहून बाटलीचा नंबर मोठ्याने म्हणायचा आणि लिहायचा, भरणाऱ्याने लिहायचं नाही, ओल्या हाताने लिहिलेलं कोणालाच वाचता येत नाही.

राख पडायला लागली तर एन-९५ मास्क आणि गॉगल, कॅमेऱ्याची लेन्स पुसू नका, राखेत काचेचे बारीक कण असतात, ओरखडे पडतात, फुंकणीने (हवा मारायचा रबरी फुगा) उडवा. आणि ती राखसुद्धा नमुनाच आहे, स्वच्छ ट्रे डेकवर ठेवा, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा. त्या वेळात घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यापुढे "राख पडत होती" एवढा शेरा हवाच, सहा महिन्यांनी लॅबमध्ये आकडे विचित्र आले की तोच शेरा वाचवतो.

उलट्यांचं म्हणाल तर लाज वाटून घेऊ नका, मुरलेल्या लोकांनाही होतात. जानेवारी ते एप्रिल अंदमानचा समुद्र त्यातल्या त्यात शांत, पावसाळ्यात वाईट. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून बघा, अंदाज येतो थोडा, पण ती तासाभराची फेरी आणि जहाज रात्रंदिवस हलत असतं. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि उलटी सुरू व्हायच्या आधी घ्या, झोप येते त्याने, तेव्हा गोळी घेऊन विंचजवळ उभं राहायचं नाही. उपाशीही राहू नका, कोरडी पोळी, कुरमुरे, खारी चालतं. जांभळी नाक्यावरून चिवडा, सुकी जवळा चटणी, आवळा सुपारी घ्या, मेसची वेळ चुकली तर रात्री ३ ला तेच कामाला येतं.

बॅग: सेफ्टी शूज मापाचे घ्या, वागळे इस्टेटमध्ये घालून बघून मिळतात, ऑनलाइन नको. पूर्ण बाह्यांचे कॉटनचे कपडे, पातळ जॅकेट कारण लॅबचा एसी गारठवतो, इअरप्लग, औषधं पूर्ण क्रूझला पुरतील एवढी. सूटकेस नको, केबिनमध्ये ठेवायला जागा नसते, सॅक घ्या. मुलींनी सॅनिटरी पॅड घरूनच न्या, समुद्रात दुकान नाही. इंटरनेट असलं तरी थोडंसंच असतं, घरी आईबाबांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस मेसेज आला नाही तरी घाबरायचं नाही.

आणि क्रू. सारंग (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आणि डेकवरची माणसं, त्यातले काही रत्नागिरी-रायगडकडचे भेटतील, वयाने मोठे असतील तर काका म्हणा, साहेबगिरी करू नका. ताणलेल्या तारेखाली किंवा तिच्या रेषेत उभं राहायचं नाही हे तेच पहिल्यांदा शिकवतात. ते "मागे व्हा" म्हणाले की आधी मागे व्हायचं आणि कारण नंतर विचारायचं. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की हातातला नमुना सोडून लाइफ जॅकेटसकट मस्टर स्टेशनला (धोक्याच्या वेळी सगळ्यांनी जमायची जागा), तिथे नमुन्याची किंमत शून्य.

झोप शिफ्ट संपल्या संपल्या घ्या, डेकवर गप्पा मारत बसायचा मोह होतो, तारे भन्नाट दिसतात तिकडे, पण पुढच्या शिफ्टला लॉग तुम्हीच लिहिणार आहात.

बंदरात पोचायच्या आदल्या दिवशी खोके आणि लॉग समोरासमोर ठेवून दोघांनी मोजायचं, एकाने वाचायचं एकाने हात लावायचा. गोठवलेले नमुने वेगळे, त्यांची यादी खोक्याच्या बाहेर चिकटवा. लॉगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि तो किमान दोघांच्या लॅपटॉपवर जाऊ द्या, मगच सॅक भरायला घ्या.