एफएफएमपेग विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालण्याआधी एक ओळ वाचा

व्हिडिओ कन्व्हर्टर बनवून विकताय आणि आत एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ रूपांतर करणारं मुक्त सॉफ्टवेअर) आहे? मग टर्मिनल उघडा, एफएफएमपेगला ‘-व्हर्जन’ विचारा आणि ‘कॉन्फिगरेशन’ने सुरू होणारी लांबलचक ओळ नीट वाचा. आपण सगळेच ती सोडून देतो.

तिथे ‘एनेबल-जीपीएल’ दिसलं तर जपून. एफएफएमपेग मुळात एलजीपीएल २.१ या सौम्य मुक्त परवान्याखाली येतं, पण एक्स२६४ किंवा एक्स२६५ हे व्हिडिओ एन्कोडर जोडले की अख्खी बिल्ड (कंपाइल केलेली आवृत्ती) जीपीएल या कडक परवान्याखाली जाते. ती लायब्ररी म्हणून तुमच्या प्रोग्रॅमला लिंक केलीत, तर विकताना तुमचा स्वतःचा सोर्स कोडही द्यावा लागेल. इंटरनेटवरच्या तयार बिल्ड्स बऱ्याचदा अशाच असतात. ‘एनेबल-नॉनफ्री’ असेल तर विषयच संपला, ती बिल्ड कुणाला वाटताच येत नाही, फुकटसुद्धा.

सोपा मार्ग म्हणजे हे दोन्ही पर्याय न लावता स्वतः बिल्ड करणं, लायब्ररी डायनॅमिक लिंक करणं (म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये ठेवून जोडणं) आणि नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स, बदलांसकट, ग्राहकाला उपलब्ध ठेवणं. ‘अबाउट’मध्ये एफएफएमपेगचं नाव हवंच. (डीएलएलचं, म्हणजे विंडोजमधल्या लायब्ररीच्या फाइलचं, नाव बदलून लपवणारे महाभाग असतात, असं करू नका, असं एफएफएमपेगवालेच सांगतात.) एक्स२६४शिवाय चालतच नसेल तर त्याचा व्यावसायिक परवाना विकत मिळतो.

एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटची पेटंटं हा निराळा हिशेब. एलजीपीएल पाळलं म्हणून तो चुकत नाही. सिस्कोच्या ओपनएच२६४ या एच.२६४ कोडेकची पेटंट रॉयल्टी सिस्को भरते, पण फक्त सिस्कोच्या सर्व्हरवरून उतरवलेल्या तयार बायनरीसाठी. स्वतः कंपाइल केलीत की ती सवलत गेली.