डोंगरातील अनेक दिवसांची धावशर्यत: या चुका टाळा

एका दिवसाच्या शर्यतीत सुरुवातीलाच जास्त वेगाने धावलेला धावक शेवटचे काही किलोमीटर हाल सोसतो आणि मग विश्रांती घेतो. डोंगरातील अनेक दिवसांच्या शर्यतीत त्यालाच दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पायांवर पुन्हा उभे राहावे लागते. या शर्यती दोन प्रकारच्या असतात. काहींमध्ये रोज ठरावीक टप्पा धावून रात्री मुक्काम करायचा असतो. आल्प्स ओलांडणारी ट्रान्सअल्पाइन रन किंवा वेल्समधील सहा दिवसांची ड्रॅगन्स बॅक रेस ही त्याची उदाहरणे. काहींमध्ये घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही: इटलीतील आओस्ता खोऱ्यात होणाऱ्या तोर दे जेआँ या शर्यतीत सुमारे ३३० किलोमीटर अंतर आणि सुमारे २४,००० मीटर चढ १५० तासांत पार करायचा असतो, आणि झोपायचे कधी व किती हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. दोन्ही प्रकारांत शर्यत अर्धवट सुटते ती पुष्कळदा बोटावरचा फोड, बिघडलेले पोट, भिजलेले कपडे किंवा सुजलेली नडगी अशा एखाद्या कारणाने, ज्याकडे काही तास आधी पाच मिनिटे थांबून लक्ष दिले असते तर ते तिथेच मिटले असते. पुढच्या चढानंतर पाहू, असे म्हणून काम पुढे ढकलणे हीच या शर्यतींतील सर्वांत महाग पडणारी सवय आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या दिवशीचा वेग आणि वेळेचा अंदाज

पहिल्या दिवशी पाय ताजे असतात, भोवताली सगळेच धावत असतात आणि चढही सोपा वाटतो. शरीरातील ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा साठा मात्र साधारण ५०० ग्रॅमच्या आसपास असतो. श्वास लागेपर्यंत धावले की तो झपाट्याने संपतो आणि एका रात्रीत पूर्ण भरून येईलच असे नाही. म्हणून पहिल्या दिवशी चढावर पूर्ण वाक्य सहज बोलता येईल इतकाच वेग ठेवावा आणि तीव्र चढावर निःसंकोचपणे चालावे, कारण तिथे चालणारा आणि धावणारा यांच्या वेगात फारसा फरक राहत नाही, शक्ती मात्र धावणाऱ्याची अधिक खर्च होते.

वेळेचा अंदाज सपाट रस्त्यावरील वेगावरून बांधणे ही याच जातीची चूक. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये चालण्यासाठी सांगितलेला नियम इथे अजूनही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढासाठी आणखी एक तास. या हिशेबाने ४० किलोमीटर आणि ३,००० मीटर चढाच्या टप्प्याला १३ तास लागतात. ताजा धावक याहून पुष्कळ लवकर पोहोचेल, पण चौथ्या दिवशीचे पाय घेऊन हा आकडा तितकासा अवास्तव वाटत नाही. आपला अंदाज कट-ऑफशी, म्हणजे ज्या वेळेनंतर पोहोचणारा धावक बाद होतो त्या मर्यादेशी ताडून पाहताना वाटेतील थांबेही धरावेत. आठ एड स्टेशनांवर (वाटेतील खाण्यापिण्याच्या आणि मदतीच्या ठिकाणी) प्रत्येकी १२ मिनिटे गेली, तरी दीड तासाहून अधिक वेळ उभ्या उभ्या निघून जातो.

उतार: जिथे पाय खरे संपतात

तयारीत बहुतेक जण चढाचा धसका घेतात आणि उताराकडे दुर्लक्ष करतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखत असतात, आणि या प्रकारच्या कामाने त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्यातून येणारे दुखणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. म्हणजे पहिल्या दिवशी उतारावर इतरांना मागे टाकण्याचा जो आनंद घेतला, त्याचे परिणाम बरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी समोर येतात. सुदैवाने स्नायू हा ताण लवकर शिकतात: उतारावर धावण्याचा एखाद-दुसरा चांगला सराव पुढील काही आठवडे बरेच संरक्षण देतो. असे सराव शर्यतीच्या महिना-दोन महिने आधीपासून हळूहळू वाढवावेत आणि शेवटचा कठीण सराव शर्यतीपूर्वी साधारण दोन ते तीन आठवडे करावा. डोंगर जवळ नसेल तर जिने उतरणे आणि पायरीवरून एका पायावर सावकाश खाली येण्याचा व्यायाम हे चांगले पर्याय आहेत.

शर्यतीत उतरताना पावले छोटी आणि जलद टाकावीत, पाय शरीराच्या खालीच पडू द्यावा आणि टाच पुढे रोवून ब्रेक लावणे टाळावे. पोल, म्हणजे हातातील आधाराच्या काठ्या वापरायच्या असतील तर ते आधीपासून हातात बसलेले असावेत. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी योग्य, उतारावर किंचित जास्त. मांड्या आधीच गेल्या असतील, तर त्या दिवशी उतारावर वेळ कमावण्याचा विचार सोडून द्यावा, नागमोडी चालत उतरावे आणि जे मिळवायचे ते सपाटीवर मिळवावे. अशा वेळी जोरात केलेले खोल मालीश दुखऱ्या स्नायूंना आणखी त्रास देऊ शकते.

उतारांचाच आणखी एक परिणाम नडगीच्या खालच्या भागात, घोट्याच्या पुढच्या बाजूला दिसतो. तिथे सूज येते, पाऊल वर उचलताना दुखते आणि कधी कधी बोट ठेवल्यावर करकर जाणवते. पाय सुजलेले असताना घट्ट बांधलेल्या नाड्या हे याचे नेहमीचे निमित्त. लक्षात येताच नाड्या सैल कराव्यात, दुखऱ्या जागेवरील छिद्र सोडून त्या ओवाव्यात, वाटेत थंड ओढा असेल तर पाय काही मिनिटे त्यात धरावेत आणि उतारावर चालावे. दुखणे हाडावर अगदी एका बिंदूत असेल, आणि विश्रांतीतही ठणकत असेल, तर ती हाडाला तडा जाण्याची सुरुवात असू शकते. तिथे पुढे धावण्याचा प्रश्नच उरत नाही.

तळपाय

ओली, मऊ झालेली त्वचा आणि वारंवार होणारे घर्षण यांतून फोड तयार होतो. फोड येण्याआधी त्या जागी चटका बसल्यासारखे वाटते, आणि हीच थांबण्याची वेळ. बूट काढावा, खडे झटकावेत, जागा पुसून कोरडी करावी आणि कोपरे गोल कापलेली टेप एकही सुरकुती न ठेवता लावावी. तेलकट मलम लावलेल्या जागी टेप चिकटत नाही, त्यामुळे कोणत्या जागेला मलम आणि कोणत्या जागेला टेप हे सरावातच ठरवून ठेवावे. रोज लांब अंतर धावल्याने पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा ते एक नंबर मोठे घेतात. पण सुरुवातीच्या दिवशी ते सैल पडत असतील तर टाच उचलली जाऊन त्यातूनच फोड येतो. त्या दिवशी जरा जाड मोजे घालावेत किंवा घोट्याजवळच्या शेवटच्या छिद्रांतून नाडी नीट आवळावी. नखे शर्यतीच्या आदल्या रात्री न कापता काही दिवस आधी कापावीत.

छोटा, न दुखणारा फोड तसाच झाकून ठेवावा. भार पडणाऱ्या जागी टचटचीत भरलेला मोठा फोड असेल तर हात आणि जागा स्वच्छ करून, निर्जंतुक सुईने कडेला दोन-तीन छिद्रे पाडून पाणी काढावे, वरची त्वचा मात्र तशीच ठेवून ड्रेसिंग करावे. रक्त भरलेला फोड स्वतः फोडू नये. भोवताली लाली पसरू लागली, पू दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. पाय तासन्तास ओले राहिले असतील, तळवे पांढरे पडून सुरकुतले असतील आणि प्रत्येक पाऊल टोचत असेल, तर मुक्कामी पोहोचताच पहिले काम जेवणाचे नसून पायांचे असावे: बूट-मोजे काढून पाय धुवावेत, कोरडे करावेत आणि झोपेपर्यंत उघड्या चपलांत मोकळे ठेवावेत.

खाणे आणि पाणी

भूक लागेपर्यंत न खाणे आणि केवळ गोड जेलवर अवलंबून राहणे या दोन चुका सहसा एकत्र दिसतात. पहिल्या तासापासूनच थोडे थोडे खात राहावे. तासाला २०० ते ३०० कॅलरी, म्हणजे साधारण ५० ते ७५ ग्रॅम कर्बोदके बहुतेकांच्या पोटाला सरावाने झेपतात. दुसऱ्या दिवसानंतर गोडाचा वीट येतो, म्हणून खारट आणि चावून खाण्याजोगे पदार्थ सोबत असावेत. मळमळू लागले तर बळेच खाण्यापेक्षा १५-२० मिनिटे वेग कमी करावा, कारण जोरात धावताना रक्त पोटाकडे कमी जाते आणि पचन मंदावते. उन्हात असाल तर डोके-मान ओले करावे आणि घोट घोट पाण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. टप्पा संपल्यावर पहिल्या तासाभरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम कर्बोदके आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने घेतली तर दुसरा दिवस बराच सुसह्य होतो.

पाण्याबाबत अति काळजीही घातक ठरते. तहानेपेक्षा कितीतरी जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होते. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेले की डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपण आणि गंभीर अवस्थेत झटके येऊ शकतात. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून हा धोका टळत नाही. तहानेप्रमाणे प्यावे. एखादा धावक गोंधळल्यासारखा बोलत असेल आणि त्याने भरपूर पाणी प्यायलेले असेल, तर त्याला आणखी पाणी पाजू नये, वैद्यकीय मदत बोलवावी.

थंडी आणि सक्तीचे साहित्य

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा सुरू झाला आणि २१ धावक दगावले. ती अनेक दिवसांची शर्यत नव्हती, पण तिचा धडा थकलेल्या धावकाला अधिकच लागू आहे. उंची दर १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते, आणि धावून निर्माण होणारी उष्णता वेग मंदावताच कमी होते. त्यामुळे जो पातळ जॅकेटवर पहिल्या दिवशी आरामात खिंड ओलांडतो, तोच चौथ्या दिवशी तिथे कुडकुडतो. आयोजकांनी सोबत ठेवणे सक्तीचे केलेल्या साहित्याच्या तपासणीत पास होण्यापुरते सर्वांत हलके सामान घेणे ही चूक आहे. तितकीच मोठी चूक म्हणजे चांगले जॅकेट पिशवीच्या तळाशी ठेवणे. वारा सुरू होण्याआधी, खिंडीच्या खालीच ते चढवावे. हातमोजे त्याहून आधी, कारण बोटे बधिर झाली की चेन लावता येत नाही आणि खाण्याचे पाकीटही फाडता येत नाही.

साथीदार अडखळू लागला, पुटपुटू लागला किंवा साधी कामे त्याला जमेनाशी झाली, तर त्याला आडोशाला नेऊन ओले कपडे बदलावेत आणि आपत्कालीन चादरीत गुंडाळावे. थंडीने काकडणाऱ्याचे काकडणे थांबले आणि तो सुस्त होऊ लागला तर प्रकृती फार बिघडली आहे असे समजावे. शिट्टीने मदत मागताना मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट शांतता, हा डोंगरातील आंतरराष्ट्रीय संकेत आहे. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी मिळते. विजा चमकू लागल्यास डोंगराच्या धारेवरून खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे वर जाऊ नये. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात. फोन आणि जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी.

झोप, उंची आणि वेदनाशामके

न थांबणाऱ्या शर्यतीत पहिल्या रात्री झोप वाचवणारे दुसऱ्या रात्री वाट चुकतात, दगडांत माणसे पाहतात आणि शेवटी वाचवलेल्या वेळेहून अधिक गमावतात. डोळे मिटू लागल्यावर सुरक्षित जागी २० मिनिटांची डुलकी घ्यावी, शक्य असेल तिथे दीड तास झोपावे, आणि जागे झाल्यावर पहिली काही मिनिटे अवघड वाटेवर घाई करू नये. टप्प्यांच्या शर्यतीत दुसऱ्या दिवशीची पिशवी संध्याकाळीच भरून ठेवली की रात्रीची झोप वाचते.

मार्ग २,५०० मीटरच्या वर बराच काळ राहत असेल तर काही दिवस आधी पोहोचून शरीराला सवय करावी. डोकेदुखी आणि मळमळ असताना आणखी उंच जाऊ नये. तोल जाणे, वागण्यात गोंधळ किंवा विश्रांतीतही दम लागणे दिसले तर ताबडतोब खाली उतरावे.

आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन धावणे मला सर्वांत काळजीचे वाटते. शरीरातील पाणी कमी झालेले आणि स्नायूंची मोडतोड चालू असताना मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, त्यात या गोळ्या भर घालतात, आणि दुखणे लपल्यामुळे इजा वाढते. लघवी गडद तपकिरी झाली तर तो स्नायूंच्या गंभीर मोडतोडीचा इशारा असू शकतो. अशा वेळी शर्यत थांबवून डॉक्टरांकडे जावे.

शर्यत सोडण्याचा निर्णय शक्यतो खिंडीच्या अंधारात घेऊ नये. पुढच्या एड स्टेशनपर्यंत चालत जाणे सुरक्षित असेल तर तिथे जाऊन, कोरडे होऊन, खाऊन आणि थोडे झोपून मग ठरवावे. सोडायचेच ठरले तर तिथल्या कार्यकर्त्यांना सांगून क्रमांक परत करावा आणि आयोजकांच्या नोंदीत आपले नाव आल्याची खात्री करूनच निघावे, कारण न सांगता गाडीत बसून निघून गेलेल्या धावकासाठी बचावपथक रात्रभर डोंगर पिंजत राहते.