लॅबच्या आकड्यांवरून साथ ओळखताना या चुका टाळा

पॉझिटिव्हचा आलेख वर चढला की लगेच ‘साथ आली’ म्हणून मोकळे होऊ नका. आधी बघा, आजार वाढलाय की तपासणीच बदललीय?

सगळ्यात जास्त फसगत होते ती एकूण तपासण्या न बघितल्यामुळे. समजा, एका आठवड्यात 200 नमुन्यांत 20 पॉझिटिव्ह आले आणि पुढच्या आठवड्यात 80 मध्ये 16. आकडा उतरला, पण प्रमाण 10 टक्क्यांवरून 20 वर गेलं. तरीही घाई नको. किट कमी पडल्यामुळे फक्त गंभीर रुग्णच तपासले गेले असतील, तरी प्रमाण असंच फुगतं. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टही मागवाच. अनेक ठिकाणी ते पाठवतच नाहीत, आणि मग टक्केवारी काढायला पॉझिटिव्हना भागायचं कशाने?

दुसरी चूक तारखेची. आलेख नमुना घेतल्याच्या तारखेवर काढा, रिपोर्टच्या नव्हे. सुट्टीत तुंबलेले नमुने एकदम तपासले की सोमवारी खोटा डोंगर उभा राहतो. मात्र नमुन्याच्या तारखेने बघताना शेवटचे काही दिवस नेहमीच रिकामे दिसतात, कारण रिपोर्ट यायचे असतात. ती घसरण बघून साथ ओसरली असं समजू नका.

तपासणीची पद्धत बदलली तर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करू नका. डेंग्यूचंच बघा: एनएस1 (विषाणूचंच प्रथिन) तापाच्या पहिल्या काही दिवसांत सापडतं, आयजीएम (शरीराने तयार केलेलं प्रतिपिंड) नंतर दिसतं आणि महिनोन्‌महिने टिकू शकतं. दोन्हींची बेरीज केली तर जुना संसर्गही आजचा म्हणून मोजला जातो.

कधी साथ फक्त लॅबमध्येच असते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या एका रुग्णालयात 2006 साली पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) च्या भरवशावर डांग्या खोकल्याची साथ जाहीर झाली, जवळपास हजार कर्मचाऱ्यांना चाचणीचा निकाल येईपर्यंत घरी बसवलं. पुढे कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, डांग्या खोकल्याचे जंतू मिळालेच नाहीत.

एकाच रुग्णाचे तीन रिपोर्ट तीन रुग्ण म्हणून मोजले जाणं, रुग्णाच्या पत्त्याऐवजी लॅबचा पत्ता नकाशावर टाकणं, ‘शून्य रुग्ण’ आणि ‘रिपोर्टच आला नाही’ यांत फरक न करणं या चुका सॉफ्टवेअरमध्ये एकदा नीट नियम घातले की सुटतात. साथीचा इशारा कधी द्यायचा हे ठरवायला मागच्या वर्षांची सरासरी काढताना त्यातली मोठी साथ मात्र आठवणीने वगळा, नाहीतर इशाऱ्याची पातळी इतकी वर जाते की घंटा वाजतच नाही.

आणि घंटा वाजलीच तर पहिला फोन लॅबला: किटची बॅच बदलली का? नमुने कुठून आले? दुसऱ्या पद्धतीने खात्री केली का? पण लॅबच्या उत्तराची वाट बघत बसू नका. त्या भागातल्या डॉक्टरांना त्याच आजाराचे रुग्ण दिसताहेत का, हे त्याच दिवशी विचारून घ्या.