साहेबाचा आकडा ओळखा, मग बढतीचं बोला

छत्रपती संभाजीनगरची वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, कुठलीही एमआयडीसी घ्या. वर्षानुवर्षं मान मोडून काम करणारा सुपरवायझरच राहतो आणि मागून आलेला शिफ्ट इंचार्ज होतो. दर वेळी त्यामागे चमचेगिरीच असते असं नाही. साहेबाला वर कोणत्या आकड्याचा जाब द्यावा लागतो, हे मागून आलेल्याला आधी कळलेलं असतं.

हा आकडा साहेब आपणहून सांगत नाही. भाषणात सेफ्टी, क्वालिटी, टीमवर्क सगळंच येतं. त्यामुळे आठवडाभर नुसतं बघा. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचा पहिला प्रश्न कोणता असतो? प्लांट हेडचा फोन आला की तो कोणता कागद शोधतो? महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत रात्री कशासाठी थांबतो? तिन्हीकडे डिस्पॅचच निघालं, तर भिंतीवर काहीही लिहिलेलं असो, त्याचा आकडा डिस्पॅच.

मग सरळ विचारून खात्री करा. वेळ मात्र बघा. लाइन बंद असताना किंवा महिनाअखेरीला विचाराल तर ओरडाच खाल. एप्रिल-मेमध्ये केआरए, म्हणजे वर्षभराची मुख्य उद्दिष्टं ठरतात, तेव्हा म्हणा, “सर, यंदा तुमच्या केआरएमध्ये सगळ्यात जास्त वेटेज कशाला आहे? माझ्या लाइनकडून त्यात काय व्हायला पाहिजे?” बहुतेक साहेब याला नीट उत्तर देतात, कारण असं विचारायला कुणी येतच नाही.

आता तो आकडा आपल्या मशीनपर्यंत खाली आणायचा. समजा साहेबाचा आकडा कस्टमरकडून परत येणारा माल आहे. तो पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख नगांमागे मोजतात. महिन्यात 40,000 पार्ट गेले आणि 12 परत आले, तर 300 पीपीएम. टार्गेट 150 असेल तर फक्त 6 चालतात. ते 12 पार्ट टेबलावर मांडा. 7 पार्टना एकाच कडेला बर (कापताना राहिलेली धातूची धार) असेल, तर तारीख आणि शिफ्ट लावून बघा. टूल किती नगांनंतर बदलायचं हे ठरलेलं असतं, पण तिसऱ्या शिफ्टला ते ‘अजून चालतंय’ म्हणून ओढलं जातं. टूल बदलायचा नग-आकडा मशीनवर चिकटवा आणि बदलल्यावर रजिस्टरला सही घ्या. ते 7 थांबले की उरले 5, म्हणजे 125 पीपीएम. साहेब टार्गेटच्या आत आला.

हे एका पानावर लिहा: आधी किती, काय केलं, नंतर किती. ते पान मेलवर पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं अप्रेजलच्या वेळी सापडत नाही. साहेब तेच पान आपल्या प्रेझेंटेशनमध्ये लावेल, कदाचित तुमचं नाव न घालता. चिडू नका. मेलवर तारीख आहे, स्वतःच्या अप्रेजल फॉर्ममध्ये तीच ओळ भरा.

आपल्या मराठवाड्यात गैरहजेरी हा डिस्पॅचचा छुपा शत्रू. पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीनची काढणी; या दिवसांत निम्मी लाइन गावाकडं. पंधरा दिवस आधी कोण कधी जाणार याची यादी आणि बदली माणसांची नावं साहेबाच्या हातात दिली, तर त्याची मोठी चिंता गेली.

बँकेतही हेच, आकडा फक्त वेगळा. लातूर किंवा धाराशिवकडच्या शाखेत मॅनेजरची झोप एनपीए, म्हणजे थकीत कर्ज उडवतो. साधारण कर्ज 90 दिवसांपेक्षा जास्त थकलं की एनपीए. कमी मुदतीच्या पिकाचं पीककर्ज दोन हंगाम थकल्यावर. मार्चमध्ये पळापळ करणारे खूप असतात. डिसेंबरात 60 दिवस ओलांडलेल्या खात्यांची गावनिहाय यादी देणारा अधिकारी मॅनेजरच्या लक्षात राहतो.

गडबड कुठे होते? आकडा सुधारण्याऐवजी झाकला जातो. रिजेक्ट माल गुपचूप रीवर्क करून पाठवला की पुढच्या महिन्यात कस्टमरची तक्रार येते, आणि त्यावर सही तुमची असते. दुसरं, साहेबाला डावलून त्याच्या साहेबाकडं जाणं; हे क्वचितच पचतं. तिसरं, साहेब बदलला तरी जुनाच आकडा धरून बसणं. आणि कधी त्याचा आकडा तुमच्या खिशाला लागतो: त्याला ओव्हरटाइम कमी करायचाय आणि तुमचं घर त्या दुप्पट दरावर चालतं. तिथं गोड बोलून उपयोग नाही. ओटी घटणार असेल तर पुढच्या ग्रेडची बोलणी त्याच वेळी सुरू करा.

बढतीचा विषय जानेवारीत काढा. बऱ्याच कंपन्यांत पुढच्या वर्षाचं बजेट आणि जागा जानेवारी-फेब्रुवारीत ठरतात. एप्रिलपर्यंत यादी वर गेलेली असते. “मला बढती द्या” म्हणू नका. “शिफ्ट इंचार्ज व्हायला काय कमी पडतंय, सहा महिन्यांत काय दाखवू?” असं विचारा आणि उत्तर मेलवर लिहून पाठवा. एक अडचण मात्र साहेब तोंडावर बोलत नाही: तुम्ही वर गेलात तर ही लाइन कोण बघणार? म्हणून विचारायला जाण्याआधीच एखाद्या ऑपरेटरला चेंजओव्हर (लाइन एका पार्टवरून दुसऱ्यावर नेणं) आणि शिफ्ट रिपोर्ट शिकवा, आणि स्किल मॅट्रिक्सवर (कुणाला काय येतं याच्या तक्त्यावर) त्याच्या नावापुढं ते चढवून घ्या.